आबांकडे जाऊन आलास का?

प्रिय बाळ,

प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो.

परवा फोनवर तू सगळं सांगत होतास तेव्हा मी गप्प राहिलो. तुला वाटलं असेल, पप्पांना नीट ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. आई शेजारीच होती. तिचा चेहरा पाहिला आणि मी तुझ्या नोकरीचं विचारलं. तेव्हापासून तीन रात्री मनात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसलो.

प्रार्थनासभेत तुमच्या मंडळीतले आबा साक्ष देत होते, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगत होते. बोलता बोलता ते म्हणाले, पैसा सर्व वाइटाचं मूळ आहे. तू उठून सांगितलंस की शास्त्रात तसं नाही. बायबलातल्या पहिले तीमथ्य ६:१० मध्ये द्रव्याचा लोभ म्हटलंय, द्रव्य नव्हे. लोकांनी पानं उघडून पाहिली, तू म्हणालास तसंच निघालं. आबा खाली बसले, साक्ष अर्धीच राहिली. त्यानंतरचे दोन रविवार ते आलेले नाहीत.

वचन तू बरोबर सांगितलंस. फरकही लहानसहान नाही. मला अभिमान वाटला, तुझ्यापासून कशाला लपवू? सहा वर्षांचा होतास, स्तोत्र २३ पाठ म्हणायला पुढे उभा राहायचास आणि दर वेळी 'मृत्यूच्छायेच्या' या शब्दापाशी अडायचास. मी तिसऱ्या बाकावर बसून नुसते ओठ हलवायचो. तू माझ्याकडे बघायचास, शब्द उचलायचास आणि पुढे निघायचास. एकदा तर तू अख्खं एक वचनच गाळलंस. पाळकांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि 'आमेन' म्हणाले.

आबांकडे जाऊन आलास का?

लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आणि लोक ज्याला पापी समजत तो जकातदार, दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. त्या परूश्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. तो खोटं बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास करायचा, दशमांश द्यायचा, सगळं खरं होतं. जकातदाराबद्दल त्याला जे वाटलं तेही बहुधा खरंच असेल. इतकं सगळं बरोबर असूनही नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याची मान वर व्हायलाही तयार नव्हती. चूक झाली की माणूस आपसूक वाकतो रे. बरोबर असलेल्या माणसाला वाकवायला काहीच उरत नाही. तुझ्याबद्दल मला धाकधूक वाटते ती इथेच. तू नेहमी बरोबर असतोस.

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो. माफ कर. पण हे तुला दुसरं कोण सांगणार?

माझंच सांगतो. थोरल्या काकांशी मी चार वर्षं बोललो नाही, हे तुला माहीत आहे. कारण कधी सांगितलं नाही. मंडळीच्या हिशेबाची वही होती. बेरीज माझी बरोबर होती, त्याची चुकली होती, आणि ते मी सर्वांसमोर दाखवून दिलं. चार वर्षांनी तोच दारात आला. चूक कोणाची, हे त्याने काढलंच नाही. पाणी मागितलं, बसला, तुझा अभ्यास विचारला आणि गेला. त्या रात्री गुडघे टेकून मी देवाचे आभार मानले की अखेर त्याला कळलं. म्हणजे प्रार्थनेतसुद्धा मी जिंकूनच उठलो. हे मी आजवर तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय उघडला की मी तिसऱ्या वचनापाशी थांबतो. पित्याने आपल्या हाती सर्व काही दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे येशूला ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असताना तो भोजनावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि गंगाळात पाणी ओतलं. ज्या शिष्यांचे पाय त्याने धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता. कोण काय करणार आहे हे माहीत असूनही त्याने त्याला वगळलं नाही. पेत्र मात्र आधी 'नको' म्हणाला. पाय पुढे करणंही किती अवघड असतं, बघ.

तुला विद्वानांचं पटतं म्हणून तेही लिहितो. ऑगस्टीन इतका मोठा पंडित, त्यानेही एका हुशार तरुणाला पत्रातून सांगितलं होतं की सत्याच्या वाटेवर पहिली गोष्ट नम्रता, दुसरी नम्रता आणि तिसरीही नम्रताच.

तुझा अभ्यास थांबव असं मी म्हणत नाही. उलट वाच, भरपूर वाच. फक्त वाचून झाल्यावर शिकवण्याची तयारी सुरू करण्याआधी थोडा वेळ गुडघ्यांवर राहत जा. दार लावून, कोणी ऐकणार नाही असा. तुझी आई भल्या पहाटे तशी बसते. तिला धड एक अध्यायही सांगता येत नाही, पण सुमीच्या वेळी घरात कोणाला धीर होता ते तू पाहिलं आहेस.

पुन्हा आबांचं लिहीत नव्हतो. पण तू नवीन होतास तेव्हा पहिल्या रविवारी त्यांनीच तुला आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं, हे तूच मोठ्या आनंदाने कळवलं होतंस. ते पत्र आईच्या बायबलमध्ये अजून आहे. 'ते येईनात त्याला मी काय करू?' असं परवा तू म्हणालास, ते मला लागलं. तू असा नाहीस.

जाशील तेव्हा वचनाचा विषय काढू नकोस, बरोबर-चूक काहीच काढू नकोस. त्यांची राहिलेली साक्ष तेवढी ऐकायला माग. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही असं तू मागे म्हणाला होतास, तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूला बस.

तुझा,
पप्पा