बार्शी लाइटचे आराखडे खुले करा

मा. संपादक,

खेळण्यापेक्षा थोड्या वरच्या, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या छंदावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. हा श्रीमंतांचा छंद आहे, एवढेच त्यात म्हटले आहे. पैसा लागतो हे खरे. पण मी जन्मभर तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवले आहे आणि मला खरी अडचण मापाची वाटते.

जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण 1:87 (खऱ्या गाडीच्या सत्याऐंशीपट लहान); त्याला एचओ म्हणतात. त्याचा तयार रूळ 16.5 मिलिमीटरचा; तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजसाठी (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) आहे. आपला ब्रॉडगेज 1676 चा. त्याला या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत, आणि तसा तयार रूळ बाजारात मिळत नाही. मग आपले डिझेल इंजिन त्या रुळावर ठेवले की पाय जोडून उभ्या केलेल्या पहिलवानासारखे दिसते. पुष्कळांना ते चालते. मला नाही.

त्यावर उपाय आमच्या गावातच आहे. आमच्या जुन्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) बार्शी लाइट रेल्वेचा गेज 762 मिलिमीटर होता, 1:87 मध्ये 8.76. एन या एचओपेक्षा लहान प्रमाणाचा 9 मिलिमीटरचा रूळ सर्रास मिळतो. फरक जेमतेम पाव मिलिमीटर! खाली एन इंजिनाची मोटर आणि चाके, वर आपण पितळी पत्र्याचे अंग चढवायचे. डबे मी सनबोर्डचेच करतो.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये ही लाइन सुरू केली. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हे त्याचे सूत्र. त्यामुळे हलक्या रुळांवरही लांबलचक डबे धावले. पुढे लाइन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. याच माणसाचा हात इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाइनलाही लागला. ती 1904 ला सुरू झाली आणि 1934 ला बंद पडली. तिच्या इंजिनांवर आपल्याकडच्यासारखे मोठे दिवे होते. तिथले छंदी लोक आजही ती इंजिने बनवतात, कारण त्यांच्या हाताशी मापे आहेत. त्या लाइनीच्या थोरल्या बहिणीचे डबे बनवायचे तर आम्ही जुन्या फोटोंवर पट्टी ठेवून बसतो.

रेल्वे प्रशासनाला माझी विनंती एवढीच की नॅरोगेजच्या इंजिन-डब्यांचे जुने आराखडे जिथे पडून असतील तिथून काढून, स्कॅन करून सर्वांना खुले करावेत. शोभेसाठी ठेवलेल्या इंजिनांजवळ टेप घेऊन गेलेल्या माणसाला हुसकावू नये, हेही जमले तर पाहावे.

आणि वाचकांना: कुणाच्या घरी लाइटच्या डब्याचा फोटो असेल तर तो जपून ठेवा आणि स्कॅन करून घ्या. मला छपराचा वक्र आणि डब्याखालच्या दोन बोग्यांमधले (चाकांच्या गाड्यांमधले) अंतर हवे आहे. डब्याला टेकून कुणी मामा-काका उभे असतील तर उत्तमच, त्यांच्या उंचीवरून बाकीची मापे काढता येतात.

– एक निवृत्त ड्रॉइंग शिक्षक, बार्शी