काकांच्या घरचं काय छापलं?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, स. न.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेत दोन ऑसिलोस्कोप आहेत, त्यातला एक चालतो. पण हे पत्र त्याबद्दल नाही. ते रडगाणं दर वर्षी फाइलीत जातंच.

शेजारच्या गावात एक काका आहेत, चार एकरांचे कास्तकार. तीन वर्षांपूर्वी तिथं कर्जबाजारीपणावर संशोधन करणारी एक मुलगी आली. अंगणवाडीताईंनी तिला घरोघरी फिरवलं. चौदा पानांचा फॉर्म होता. ‘रात्री झोप लागते का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी.’ काकांनी सपरीत बसून दीड तास उत्तरं दिली, काकूंनी दोनदा चहा केला. मुलगी भली होती. निघताना पाया पडून गेली. मागच्या हिवाळ्यात काका मला बाजारात भेटले आणि म्हणाले, “सर, त्या पोरीनं माह्या घरचं काय छापलं, मले वाचून दाखवा ना.”

शोधलं. लेख परदेशी नियतकालिकात निघाला होता. वाचायचा तर ४५ डॉलर मोजा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचायला काकांनी अर्धा क्विंटल कापूस विकायचा.

त्याच संध्याकाळी, त्याच मोबाइलवर मी वर्गासाठी हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरचा २०१५ चा लेख उतरवून घेतला. फुकट. जिनिव्हाजवळ सर्न या प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटरच्या भूमिगत कड्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात, त्याचा हिशेब यवतमाळात बसून कोणीही वाचावा. लेख ३३ पानांचा, पण भौतिकशास्त्र ९ पानांत संपतं. उरलेली २४ पानं लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या यादीची. एकूण ५,१५४ लेखक. काकांवरच्या लेखाला लेखक दोन. अंगणवाडीताईंचं नाव आभारातसुद्धा नाही, हे मला नंतर कळलं.

भौतिकवाले मनानं फार मोठे असतात असं नाही. त्यांना घाई असते. छापून येण्याआधीच्या लेखाच्या प्रती ते पूर्वी टपालानं एकमेकांना धाडत. १९९१ मध्ये त्याचं आर्काइव्ह झालं, संगणकावरचं सगळ्यांना खुलं कपाट. सर्नमध्ये १९८९ साली वेबची कल्पना मांडली गेली ती शास्त्रज्ञांना माहितीची देवाणघेवाण करता यावी म्हणून, आणि १९९३ मध्ये सर्ननं ती जगाला मोफत देऊन टाकली. प्रोटॉनला आपल्यावरचा लेख वाचायचा नसतो, तरी तो खुला. काकांना वाचायचा आहे, तर कुलूप.

संस्थांना संशोधनाची नियतकालिकं वाचायला देणारी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मला माहीत आहे. केंद्रानं तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केले, सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आली. चांगलंच झालं. पण लॉगिन संस्थेला मिळतो, सपरीला नाही. आणि मिळाला तरी लेख इंग्रजीत. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही पेढे वाटले होते, म्हणून आठवण करून देतो.

शेवटी मी त्या मुलीला मेल केला. तिनं त्याच दिवशी लेख पाठवला, म्हणजे दोष तिचा नाही. सपरीत बसून काकांना मराठीत सांगत गेलो. लेखात गावाचं नाव नाही, काका म्हणजे ‘प्रतिसादक १७’. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी सावकाराकडून कर्ज घेतलं, असं एका तक्त्यात होतं. काका थांबले. ते कर्ज लग्नाचं नव्हतंच, बोअरचं होतं. बोअर कोरडं गेलं, पुढच्याच महिन्यात लग्न आलं, फॉर्मवर दोन्ही एकाच ओळीत बसलं. शेतकरी लग्नात पैसा उडवतो, हे ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. त्या खात्यावर काकांचं बोअरही जमा झालं.

सर्नच्या एकाच कड्यावर ॲटलास आणि सीएमएस असे दोन डिटेक्टर, म्हणजे टकरीतून निघालेले कण टिपणारी यंत्रं, मुद्दाम वेगवेगळे बांधलेत, एकाचं दुसऱ्यानं ताडून बघावं म्हणून. ४ जुलै २०१२ ला दोघांनी आपापला निकाल मांडला, तेव्हा कुठं हिग्जवर विश्वास बसला. गावाच्या संशोधनात दुसरा डिटेक्टर म्हणजे गावच, आणि तो आपण कधी सुरूच करत नाही.

कणभौतिकीलाही गाव टळत नाही, बरं का. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची वेधशाळा बांधायला केंद्रानं जानेवारी २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटी मंजूर केले. लोक विचारत होते सुरुंगांचं, पाण्याचं, डोंगराचं. उत्तर मिळायचं की न्यूट्रिनो निरुपद्रवी असतो. तो असतोच. सूर्याकडून आलेले सहा हजार कोटींवर न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून जातात. पण विचारलं ते वेगळंच होतं. प्रकल्प अडकला तो अडकलाच. तिथं समाजशास्त्राचा माणूस खोदकामाच्या नकाशाआधी जायला हवा होता.

तुमच्या अखत्यारीत बसेल एवढंच मागतो. राज्यातल्या विद्यापीठात गावावर प्रबंध झाला, की मौखिक परीक्षेआधी त्याचा दोन पानी मराठी गोषवारा त्या ग्रामपंचायतीत जमा व्हावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. गावानं घेतलेली हरकत प्रबंधाला जोडावी. सरकारी पैशातून लेख निघाला असेल, तर स्वीकारलेला मसुदा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुला असावा. ज्यांनी घरं दाखवली, त्यांची संमती घेऊन नावं छापावीत. ५,१५४ नावांना २४ पानं पुरतात, एका अंगणवाडीताईला अर्धी ओळ पुरेल.

बोअरची दुरुस्ती मी त्या मुलीला कळवली आहे. तिनं ती मान्य करून नियतकालिकाला लिहिलंय. काका दर बाजाराच्या दिवशी विचारतात, झाली का म्हणून.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक
जि. यवतमाळ