बांधणारा आणि तपासणारा एकच नको

महोदय,

कोकण किनाऱ्यावरच्या काही शिक्षण संस्था वसतिगृहे, प्रयोगशाळा ठेकेदाराला न देता स्वतःच्या बांधकाम विभागाकडून करून घेतात. ठेकेदाराचा नफा वाचतो. पण मुकादम आपला, माल आणणारा आपला आणि मोजमाप वही लिहिणाराही आपलाच, मग कामाला नाव कोण ठेवणार? सळई तपासणारा खरेदी विभागाच्या हाताखालचा नसावा. त्याची सही झाल्याशिवाय मिक्सर फिरू नये.

त्याने पाहायचे ते कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आणि पाणी. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार समुद्रकाठच्या हवेत उघड्या पडणाऱ्या आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) किमान एम-३० या ताकदीच्या ग्रेडचे काँक्रीट, ४५ मिमी कव्हर आणि पाणी-सिमेंट प्रमाण फार तर ०.४५ लागते. म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, तेही ओल्या वाळूतले धरून. गवंड्याला हा माल कोरडा वाटतो आणि हळूच आणखी एक डबा ओतला जातो. त्यापेक्षा प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन, वापरावे.

कव्हरसाठी सळईखाली खडीचा तुकडा सरकवायची सवय तर जुनीच. काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर लागला की तुकडा निसटतो, सळई फळीवर टेकते. पुढे खारी हवा आत शिरते, गंजलेली सळई फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. त्याच ग्रेडच्या काँक्रीटचे, तार असलेले ठोकळे मीटर-मीटरवर बांधावेत.

स्लॅब बहुधा एप्रिल-मेमध्ये ओतले जातात, आणि खाडीलगतच्या विहिरी मचूळ होतात त्याही तेव्हाच. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पावसाळ्यानंतरचा अहवाल मेमध्ये दाखवू नये, पाणी पुन्हा तपासावे. पीपीसी (बहुधा राखमिश्रित) सिमेंट असेल तर किमान १० दिवस पाणी मारावे लागते, तेही गोडेच.

नकाशे जून ते सप्टेंबरमध्येच पुरे करावेत. बेसिन आणि नहाणी ट्रॅप (न्हाणीतले सांडपाणी वाहून नेणारे जमिनीतले तोंड) कुठे येणार हे ठरले नसेल, तर स्लॅब झाल्यावर प्लंबर छिन्नी चालवतो, वाटेत आलेली सळई कापतो आणि भोक गिलाव्याने बुजवतो. गळती तिथूनच सुरू होते.

क्यूबसाठी, म्हणजे ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांसाठी, वेगळे चांगले घमेले कालवण्याची चलाखीही सर्वांना ठाऊक आहे. नमुना कोणत्या घमेल्यातून घ्यायचा, हे तपासणाऱ्याने आयत्या वेळी सांगावे, आणि २८ दिवसांचा अहवाल बिलासोबत कार्यकारिणीपुढे ठेवावा.

– एक स्थापत्य अभियंता, रत्नागिरी