भवानी पेठेतल्या सुतारकाकांना, पाटाबद्दल थँक्यू

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीये, नातवाला पाठवतोय, तो वाचून दाखवेल.

मी तोच, वाकडा पाट बगलेत मारून टिंबर मार्केटात फिरत होतो तो. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "अरे हा पाट आहे का परात?" तेव्हा राग आला होता खरा, कारण त्या सागाचे चांगले पैसे मोजलेले, दुकानदार (नाव जाऊ दे) म्हणाला होता एकदम सुकलेला माल आहे, आणि घरी आठ दिवसांत मधे खोलगट. तुम्ही चहा सांगितलात, फळीचं टोक पुसलंत आणि वलयं दाखवलीत, सुकताना ही सरळ व्हायला बघतात म्हणून फळी वाकते. एवढं साधं मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी आपला फेविकॉल आणि क्लॅम्पला दोष देत होतो!

मग माझं काम सोडून, म्हणजे तुमचं काम सोडून, वखारीत आलात माझ्यासोबत. कडेला पांढुरका भाग असलेल्या दोन फळ्या बाजूला काढल्यात, कीड आधी तिथेच लागते म्हणून. मग निवडलेली फळी सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड, गुणून 144 ने भागलं की अर्धा घनफूट, हे तुम्ही बोटांवर केलंत, मी अजून फोन काढत होतो.

त्यातला दोन फुटाचा तुकडा तुम्ही सांगितलं तसा ठेवला, टोकांना उरलेला ऑइल पेंट, खाली पट्ट्या, गॅलरीत सावलीला. दर रविवारी वजन करायचो, बायको म्हणायची बाळ आहे का ते. ऑक्टोबरात 3 किलो 410 ग्रॅम होता, उतरत उतरत डिसेंबरात 3 किलो 120 वर आला आणि पुढचे तीन रविवार हललाच नाही. मगच रंधा हातात घेतला.

रंध्याचं काय सांगू. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर ठेवून एक डोळा मिटून बघायचं, पीळ दिसतो, हे तुम्ही केलं तेव्हा जादू वाटली होती, मला जमायला दोन संध्याकाळी गेल्या. आधी एक तोंड सपाट, मग गुण्या (काटकोन तपासायचा) लावून एक कड, मग बाकीचं. एका जागी लाकडाची रेषा उलटी फिरलेली, तिथे सालपट उचकटलं, दिसतंय अजून, तुम्ही बघालच आणि बोलालच. खालच्या पट्ट्यांना स्क्रूची भोकं मी लांबट केली, पावसाळ्यात रुंदीत फुगायला जागा पाहिजे म्हणालात ना.

पैसे घेतले नाहीत तुम्ही तेव्हा, चहाचे पण नाही. आई परवा त्या पाटावर बसून पोळ्या लाटत होती, डुगडुगला नाही.

शनिवारी येतो पाट घेऊन. रंध्याचं पातं पण आणतो, धार मी लावलीये पण ती तुम्हाला दाखवायची लाजच वाटते.