पंप बदलण्याआधी रेडिएटर पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चैत्र लागला की आमच्या भागात जुन्या ॲम्बेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या दिसू लागतात. टाकीतले पेट्रोल इंजिनाला पुरवणारा, इंजिनावरचा फ्युएल पंप उन्हाळ्यात दगा देतो, तो काढून इलेक्ट्रिक पंप बसवला की प्रश्न मिटला, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. हा सल्ला अर्धवट आहे आणि पंप चुकीचा निवडला तर धोक्याचाही आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला तप्त वायू बाहेर नेणारी नळी) एकाच बाजूला आहेत आणि कॅमशाफ्ट या इंजिनातल्या फिरत्या दांड्यावर चालणारा, डायफ्रॅमचा म्हणजे लवचीक पडद्याचा पंपही त्याच बाजूला, म्हणजे उष्णतेच्या शेजारीच आहे. हा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोलची वाफ लवकर होते; नळीत वाफ धरली की पेट्रोल पुढे जात नाही आणि गाडी बंद पडते. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, तर अकोला, अमरावती, चंद्रपूरकडे मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ च्या घरात जाते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. त्याने जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम फुगतात किंवा चिरतात, आणि फाटलेल्या डायफ्रॅममधून पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरते. त्यामुळे जुना पंप ठेवायचा असला तरी इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम आणि नव्या नळ्या घालाव्याच लागतात. पंपावर ओले फडके टाकण्याची जुनी युक्ती खोटी नाही, पण ती पुढचे गाव गाठण्यापुरतीच.

मुळात इंजिनाभोवती एवढी उष्णता का साचते, हे आधी पाहायला हवे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतले पाणीच खारट असलेला भाग, वाचकांना नव्याने सांगायला नको. जे बोअरचे पाणी पिकाला चालत नाही, तेच आपण वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये, म्हणजे इंजिनाचे तापलेले पाणी गार करणाऱ्या जाळीत, ओतत आलो आहोत. इंजिन थंड असताना रेडिएटरची टोपी काढून आत टॉर्च मारला, तर नळ्यांच्या तोंडाशी क्षारांचा पांढरट, खरखरीत थर दिसतो. गाडी चांगली तापवून, इंजिन बंद करून, रेडिएटरच्या जाळीसमोरून तळहात हळूहळू फिरवला की जिथे गारवा लागतो तिथल्या नळ्या बुजल्या आहेत असे समजावे. असा रेडिएटर निम्म्याच अंगाने काम करत असतो. इंजिन बंद करताच पंखा आणि वॉटर पंप दोन्ही थांबतात, साचलेली उष्णता फ्युएल पंपात आणि कार्बोरेटरमध्ये चढते, आणि चहाला थांबलेली गाडी नंतर सुरू होत नाही. दोष मात्र पंपाच्या माथी मारला जातो.

तेव्हा आधी रेडिएटर खोलून साफ करून घ्यावा, फॅन बेल्ट ताणलेला आहे की नाही ते पाहावे, इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलेले नाही ना हे तपासावे. रेडिएटरची टोपी कोणतीही चालते हा समज सोडावा. ७ पीएसआयची (पीएसआय हे दाबाचे माप) टोपी धड असेल तर आतले पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही, तिचे रबर गेले की ते १०० लाच उकळते. पाणी डिस्टिल्ड घ्यावे आणि त्यात कूलंट घालावे. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकणे हा तर आपल्याकडच्या मिस्त्रींचा आवडता इलाज. त्याने बुजलेल्या नळ्या मोकळ्या होत नाहीत, उलट थंडीत इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त लागते.

एवढे करूनही पेट्रोलच्या पारदर्शक फिल्टरमध्ये वाफेचे बुडबुडे दिसत असतील, तर इलेक्ट्रिक पंप जरूर बसवावा. तो ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चा असतो, म्हणून त्याची जागा मागे, टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीला किंवा तिच्याखाली असावी. ढकललेल्या पेट्रोलवर दाब राहतो, त्यामुळे नळीत वाफ धरत नाही. सोयीसाठी तो बॉनेटखाली बसवला, तर पैसे खर्चून जुनेच दुखणे विकत घेतल्यासारखे होते. त्याला फ्यूज व रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) हवा आणि अपघातात इंजिन थांबताच वीज तोडणारा स्विचही हवा, नाहीतर गाडी उलटली तरी पंप पेट्रोल फेकतच राहतो.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा दाबाचा आहे. कार्बोरेटरला साधारण दोन ते तीन पीएसआय दाब पुरतो, तर आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांचे पंप ४० पीएसआय किंवा त्याहून जास्त दाब देतात. भंगारातून स्वस्तात मिळालेला असा पंप जोडला की कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी निडल तो दाब रोखू शकत नाही, फ्लोट चेंबर म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी भरून वाहते आणि पेट्रोल खालच्या तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ठिबकते. पुढे काय होते ते लिहायला नको.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारांना आपल्या दैनिकाद्वारे माझी विनंती आहे की, गाडी कार्बोरेटरची की इंजेक्शनची, हे विचारल्याशिवाय त्यांनी इलेक्ट्रिक पंप गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये आणि बिलावर पंपाचा दाब लिहून द्यावा.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती