तराजूच्या पैशावरचा ठसा

अमळनेर,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

"तात्यांच्या शेतात शिवराई सापडली म्हणे?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी "पत्रात लिहितो" म्हणून विषय टाळला. दोन वाक्यांत सांगून संपवावं असं ते नव्हतंच. शिवराई, म्हणजे छत्रपतींचं तांब्याचं नाणं, नाही रे. पण जे सापडलंय त्याचं मोल मला शिवराईपेक्षा जास्त वाटतं. शिवराया मराठी मुलुखात सगळीकडे निघतात. ही वस्तू मात्र बहुतेक आपल्याच गावात घडलेली आहे.

बोरीकाठच्या शेतात जुन्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह मातीखाली गडप झाला होता. नांगरटीआधी तो शोधायचा म्हणून तात्यांनी मेटल डिटेक्टर मागवला. व्हॉल्व्ह बांधाजवळ सापडला. त्याआधी जुन्या गाडवाटेच्या कडेला यंत्र वाजलं आणि वीतभर खालून हिरवी पडलेली तांब्याची चकती हाती आली. तात्या लगेच चिंच आणायला निघाले होते, मी त्यांना अडवलं. जुन्या तांब्याला चिंच, लिंबू, राख, पितांबरी काही म्हणजे काही लावायचं नाही. आपल्या काळ्या मातीत वर्षानुवर्षं पडून तांब्यावर जो हिरवा-तांबूस थर चढतो, त्यातच अक्षरांच्या कडा टिकून असतात. तो थर घासला की अक्षरंही गेलीच. मी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती सोडवली आणि सावलीत वाळवली. पिठासारखी फिकट हिरवी भुकटी कुठे धरते का तेही पाहिलं, कारण ती तांब्याला आतून खाणारी कीड असते. सुदैवाने तशी काही नाही.

मग सराफाच्या काट्यावर वजन केलं. 6.1 ग्रॅम, आणि व्यास साधारण 25 मिलिमीटर. शिवराईचा विषय तिथेच संपला. शिवराई हाताने ठोकलेली, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीवर 'छत्रपति'; आणि चांगल्या अवस्थेतली असेल तर हिच्यापेक्षा बरीच जड. ही चकती यंत्रावर कापल्यासारखी गोल आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं, प्रमाणित वजन 100 ग्रेन, म्हणजे 6.48 ग्रॅम. झीज धरली तर आकडा बरोबर जुळतो.

खरी गंमत रात्री आली. दिवा विझवला आणि टॉर्च चकतीच्या कडेला अगदी आडवी धरली. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र झिजलेली रेघसुद्धा सावली टाकते. हळूहळू तराजू दिसू लागला. दोन पारडी, त्यांच्या मध्ये फारसीतला 'अदल' (न्याय) हा शब्द, आणि खाली हिजरी सालाचे '124' एवढे आकडे. शेवटचा आकडा गेलेला. दुसऱ्या बाजूला कंपनीची ढाल आणि तिच्या दोन्हीकडचे सिंह, जेमतेम. हा मुंबई इलाख्यातला तराजूचा पैसा. ढाल-तराजूचे असे पैसे 1804 मध्येही पडले होते, पण त्यांच्यावर हिजरी 1219 आहे. 124 ने सुरू होणारं साल असलेले असे पैसे पडले ते 1830 ते 1834 च्या दरम्यान. असे चौसष्ट पैसे दिले की रुपया व्हायचा. खानदेश इंग्रजांकडे गेला 1818 मध्ये. म्हणजे हे नाणं आपल्याकडे नव्या राजवटीबरोबर चालत आलेलं.

आता ठसे. तराजूवर मधोमध हाताने कोरलेल्या छिन्नीचा 'म' मारलाय. त्याच्या खाली इंग्रजी आकड्यात 27, दोन्ही आकडे वेगवेगळे ठोकलेले, कारण 2 थोडा कललाय. आणि वर एक भोक. तू म्हणशील सराफाचा ठसा असेल. पण सराफ ठसे मारत ते चांदीवर, कस पाहून. रुपयाच्या चौसष्टाव्या भागासाठी एवढी मेहनत कोण घेणार?

ठशांचा क्रम लावताना मला फार आनंद झाला, म्हणून सविस्तर सांगतो. 'म'च्या नेमक्या मागे ढाल चपटी झालीय, म्हणजे नाणं ऐरणीवर ठेवून वरून घाव घातलाय. तराजू पार झिजलाय, पण 'म' त्याच्या मानाने ठळक आहे. म्हणजे नाणं बरीच वर्षं हातोहात फिरल्यावर हा ठसा बसला. भोकाने 'म'ची शिरोरेघ खाल्लीय, तेव्हा भोक 'म'नंतरचं. 'म'च्या कडा गुळगुळीत झाल्यात आणि 27 च्या कडा अजून नखाला लागतात, म्हणून आकडाही 'म'नंतरचा. भोक वरच्या अंगाला ओढल्यासारखं लांबट झालंय: दोऱ्यात ओवून ते पुष्कळ दिवस टांगलेलं होतं. टांगलं की 'म' आणि 27 दोन्ही सरळ वाचता येतात. नाणं, मग कुणाची तरी खूण, मग टांगता येईल असा नंबरचा बिल्ला. प्रत्येक वेळी हात वेगळा.

नंबराचा बिल्ला लागतो कुठे? जिथे पुष्कळ माणसं, गाड्या किंवा गठड्या एका रांगेत येतात तिथे. अमेरिकेतलं यादवी युद्ध, 1861 ते 1865, त्या काळात कापसाचे भाव चढले आणि खानदेशचा कापूस मुंबईला ओढला गेला. नंतर कापसातली सरकी काढून गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, म्हणजे 'जिन', आले, 1900 च्या सुमारास सुरतेहून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे अमळनेरला पोहोचली. तात्यांच्या शेताकडेची ती गाडवाट सरळ जिनाकडे जायची. शेजारच्या आबांना चकती दाखवली, तर ते क्षणभर हातात फिरवून म्हणाले, "मना बाप सांगे, जिनमा गाडी लागनी का बिल्ला भेटे." माझं मत जवळजवळ तिथेच ठरलं. नवी चकती पाडण्यापेक्षा झिजलेला पैसा ठोकून घेणं कुठल्याही हिशेबी शेटजीला परवडलंच असतं.

तात्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज दिलाय. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कळवावं लागतं. सापडली ती जागा, खोली आणि वाटेपासूनचं अंतर मी कागदावर मांडून अर्जाला जोडलं. जागा हरवली असती तर हा नुसता खराब झालेला पैसा उरला असता. जिनाचा विचार मनात आला तो त्या वाटेमुळे. तुझा पुतण्या डिटेक्टर घ्यायचं म्हणतोय, त्याला एवढं बजाव की गढी-किल्ल्यांच्या आसपास यंत्र घेऊन फिरू नये. संरक्षित वास्तूच्या आवारात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे, आणि थरांची जी मोडतोड होते ती पुन्हा कुणाला जुळवता येत नाही.

आता तुझ्याकडे काम. तुझ्या आजोळी कापसाची अडत होती. माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या मी लहानपणी पाहिल्यात. मामींना विचारून त्या उतरवशील का? गाडीभाडं, बारदान, हमाली अशी खाती असतील तिथे बिल्ल्याचा नंबर कुठे टिपलाय का बघ, आणि पेढीच्या किंवा जिनाच्या नावात 'म' येतो का तेही. वह्या मोडी लिपीत असतील तर उलगडायची घाई करू नकोस, पानं ठिसूळ झाली असतील. पानांचे फोटो काढून पाठव, मोडी वाचणारं माणूस मी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात विचारून शोधतो. फोटो काढताना मात्र उजेड पानावर सगळीकडे सारखा पडू दे, म्हणजे अक्षरं नीट दिसतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा