गढीच्या भिंतीआधी गढीची माती वाचा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या नाशकातली मातीची गढी, म्हणजे गोदाकाठचं प्राचीन वस्तीचं टेकाड, आपण भर पावसात पाहिली आहे का? चार दिवस झड लागली की कडा सुटतो आणि मातीबरोबर खापरं खाली येतात. वरच्या घरांतली माणसं जीव मुठीत धरून रात्र काढतात. तिथे संरक्षक भिंत हवीच. माझं मागणं भिंतीआधीच्या काही आठवड्यांपुरतं आहे.

१९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगापासून मराठेशाहीपर्यंतची वस्ती थरांवर थर उलगडली. इथे कोण राहिलं, ते तेव्हा कळलं. त्या माणसांनी नदीचं आणि रानाचं काय केलं, हे विचारायची साधनं त्या काळी हाताशी नव्हती.

आज आहेत. प्रशांत महासागरातलं टिकोपिया बेट जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. पॅट्रिक कर्च आणि डग्लस येन या संशोधकांनी १९७७-७८ मध्ये तिथे खोदकाम केलं. तळाच्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत समुद्रपक्षी आणि कासवांची हाडं भरपूर. वर येताना ती रोडावत गेली. रान जाळल्याचा कोळसा सापडला, उतारावरून धुपून सपाटीवर साचलेली मातीही. पुढे त्याच लोकांनी जाळपोळीची शेती मागे टाकून नारळ-फणसवर्गीय झाडांच्या दाट बागा वाढवल्या. साधारण १६०० च्या सुमारास बागा उकरणारी डुकरंसुद्धा बेटावरून संपवली. लोककथा तेच सांगतात आणि हाडंही. एका चिमुकल्या बेटाची चूक आणि सुधारणा, दोन्ही मातीत लिहिलेली होती.

आपल्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने बत्तीस हजार नारळांच्या झाडांचं दान कोरून ठेवलं आहे. दगडावरचा मजकूर टिकला. पण गोदाकाठचं रान कधी तुटलं, पूर कधी माजले, हे कुणी कोरलं नाही. ते असलंच तर गढीच्या राखेत, जळक्या दाण्यांत आणि परागकणांत असेल. सिंहस्थाच्या कामांत नदीतली कुंडं काँक्रीटखाली गेलेली आम्ही पाहिली आहेत, म्हणून धास्ती वाटते.

तेव्हा विनंती अशी, की ढासळलेला कडा जिथे सुरक्षित असेल तिथे खरवडून त्याचा छेद रेखाटावा. प्रत्येक थरातली माती पिशव्यांत भरून ठेवावी, ती पाण्यात कालवून तरंगणारे जळके दाणे वेचावेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हे काम जाणणारी मंडळी आहेत. परवानगी कुठल्या खात्याची, या घोळात आणखी एक पावसाळा जाऊ देऊ नका; पुढाकार आपण घ्या. रहिवाशांच्या पुनर्वसनाची बोलणीही त्याच बैठकीत व्हावीत, कारण गढी त्यांचीही आहे.

जूनआधी माणसं कड्यापाशी पोचायला हवीत.

आपला,
गोदाकाठचा एक रहिवासी
जुने नाशिक